बर्फाचें वजन

पूर म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें आषाढ-श्रावणांतील आभाळ उभें राहतें. घाटमाथ्यावर दोन दिवस पाऊस कोसळला कीं तिसऱ्या दिवशीं कृष्णा-पंचगंगेच्या कांठचीं गांवें पाण्यांत जातात, आणि धरणावरील अधिकाऱ्यास दरवाजे उघडण्याचा निर्णय तासांच्या हिशेबानें घ्यावा लागतो. परंतु जगांत अशाहि नद्या आहेत कीं ज्यांचा पूर चार-पांच महिने आधींच डोंगरावर येऊन बसलेला असतो. पौष-माघांत तो पांढऱ्या थरांच्या रूपानें शिखरांवर सांचतो आणि चैत्र-वैशाखाचें ऊन लागलें म्हणजे खालीं उतरतो. गडाला वेढा घालण्यापूर्वीं शत्रूनें समोरच्या डोंगरावर उघड उघड छावणी द्यावी, तसा हा प्रकार. छावणी दिसते हें खरें. पण तिच्यांत माणसें किती, हें कसें मोजावयाचें? बर्फाच्या बाबतींत हा प्रश्न एकोणिसावें शतक संपेपर्यंत जवळजवळ अनुत्तरित होता. त्याचें व्यवहारांत उतरणारें उत्तर शोधण्याचा मान कोणा स्थापत्यविशारदास न मिळतां लॅटिन शिकविणाऱ्या एका प्राध्यापकास मिळाला, ही विज्ञानाच्या इतिहासांतील एक मौजेची गोष्ट आहे.

जेम्स एडवर्ड चर्च यांचा जन्म १८६९ सालीं अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत झाला. १८९२ सालीं ते रीनो येथें नेव्हाडा विद्यापीठांत लॅटिनचे अध्यापक म्हणून आले. पुढें जर्मनींत जाऊन १९०१ मध्यें त्यांनीं म्युनिक विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली, आणि परत आल्यावरहि त्यांचा व्यवसाय प्राचीन भाषा व वाङ्मय यांचाच राहिला. रीनोच्या नैर्ऋत्येस मौंट रोझ नांवाचें सुमारें पावणेअकरा हजार फूट उंचीचें शिखर आहे. हिवाळ्यांत त्या बाजूस सहसा कोणी फिरकत नसे. चर्च यांनीं १८९५ च्या हिवाळ्यांत तें चढून दाखविलें, आणि त्यानंतर त्यांना त्या शिखराचें जणूं वेडच लागलें. १९०५ सालीं त्यांनीं माथ्यावर हवामानाची एक लहानशी वेधशाळा उभी केली. येथवरची कथा एखाद्या हौशी गिर्यारोहकाची वाटेल. तिला निराळें वळण लागलें तें शिखराच्या पायथ्याशीं असलेल्या सरोवरामुळें.

या सरोवराचें नांव टाहो. त्याचा विस्तार सुमारें १९० चौरस मैल असून मोठा भाग कॅलिफोर्नियांत व उरलेला नेव्हाडांत मोडतो. त्यांतून एकच नदी बाहेर पडते. ट्रकी नांवाची ही नदी रीनो शहरांतून वाहत जाऊन वाळवंटांतील पिरॅमिड सरोवरांत संपते. समुद्राचें दर्शन तिला कधींच होत नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकांत टाहोच्या या मुखाशीं एक धरण बांधण्यांत आलें. तेव्हांपासून सरोवराच्या पृष्ठभागाचे वरचे सहा फूट म्हणजे एक प्रचंड जलाशयच होऊन बसला. पातळी एक इंच चढली तर दहा हजार एकरांवर फूटभर उभें राहील इतकें पाणी वाढतें, एवढें सांगितलें म्हणजे या वरच्या सहा फुटांची किंमत ध्यानांत येईल.

भांडणाचें मूळ याच सहा फुटांत होतें. सरोवराच्या कांठीं ज्यांचे बंगले व धक्के होते त्यांना पातळी खालीं हवी होती. नदीच्या खालच्या अंगास असलेले नेव्हाडांतील शेतकरी आणि पाण्यावर वीज काढणारे कारखानदार यांना सरोवर कांठोकांठ भरलेलें हवें होतें. वसंतांत दरवाजे बंद ठेवावे आणि बर्फ भरपूर निघावा, तर सरोवर कांठ सोडून लोकांच्या अंगणांत शिरे. दरवाजे लौकर उघडावे आणि बर्फ थोडा निघावा, तर भाद्रपद-आश्विनांत नदीचें पात्र कोरडें पडे आणि शेतकरी कपाळाला हात लावीत. १९०७ सालच्या जुलैंत सरोवर नैसर्गिक उंबरठ्यापेक्षां आठ फुटांहून अधिक चढलें. त्या उंचीला तें पुढें कधींहि पोंचलेलें नाहीं. दरवाज्यावरच्या माणसानें काय करावें? त्यानें कांहींहि केलें तरी दोहोंपैकीं एक पक्ष त्याला शिव्या देणारच. दोष त्याच्या नियतींत नव्हता. जें पाणी अजून पाणीच झालेलें नाहीं, त्याचा हिशेब त्याच्यापाशीं नव्हता.

हा हिशेब देण्याचें काम चर्च यांनीं हातीं घेतलें. बर्फाची नुसती उंची मोजून भागत नाहीं, हें त्यांस अनुभवानें ठाऊक होतें. नुकताच पडलेला बर्फ पिंजलेल्या कापसासारखा असतो. त्याचा दहा फुटांचा थर वितळला तर फूटभर पाणी निघतें. तोच बर्फ महिनोन् महिने दबून एप्रिलपर्यंत टिकला कीं दहा फुटांत चार ते पांच फूट पाणी असतें. कापसाचा व्यापारी गांसडीची उंची पाहून पैसे देत नाहीं, ती तोलून पाहतो. बर्फहि तसाच तोलला पाहिजे. अमेरिकेच्या पूर्व भागांत असे तुरळक प्रयोग पूर्वींहि झाले होते, म्हणून कल्पनेचें सारें श्रेय चर्च यांस देतां येणार नाहीं. परंतु उंच डोंगरावर, वीस-वीस फूट बर्फांत, पाठीवर वाहून नेतां येईल असें साधन त्यांनीं तयार केलें. एकमेकींना जोडतां येणाऱ्या पोलादी नळ्या, टोंकाला दांतेरी पातें, आणि नळी टांगून तोलण्यासाठीं स्प्रिंगचा कांटा, एवढाच त्याचा संसार. नळी थेट जमिनीपर्यंत फिरवीत न्यावयाची, आंत सांपडलेल्या बर्फासह वर काढावयाची आणि तोलावयाची. नळीचें तोंड दीड इंचाहून किंचित् लहान ठेवण्यांत मोठी खुबी आहे. त्या मापाच्या नळींतील बर्फ एक औंस भरला कीं त्या जागीं बरोबर एक इंच पाणी आहे असें समजावें. थंडीनें बोटें बधिर झालेल्या माणसाला गुणाकार-भागाकार करीत बसावें लागूं नये, ही सोय त्यांत साधली आहे.

तथापि नळीपेक्षांहि मोलाचा त्यांचा दुसरा विचार होता. सबंध पाणलोटांतील बर्फाचें एकंदर पाणी किती, हा प्रश्न सरळ सोडवूं गेलें तर माणूस थकून जाईल. एका कड्यावर वारा बर्फ टिकूं देत नाहीं आणि शंभर हातांवरील घळींत तीस फूट ढीग होतो. सर्व ठिकाणीं नळी घालणार कोण? चर्च यांनीं तो प्रश्नच बाजूस सारला. ठराविक थोड्या जागा निवडाव्या, दरवर्षीं त्याच जागीं त्याच सुमारास मोजणी करावी, आणि यंदाचा बर्फ सरासरीच्या किती टक्के आहे एवढेंच पाहावें. बर्फ सरासरीच्या दीडपट असेल तर, पुढें पाऊस-पाण्यांत विशेष फरक न पडल्यास, नदीचें पाणीहि सुमारें दीडपट येईल. संपूर्ण ज्ञानाचा हव्यास सोडून तुलनेवर विश्वास ठेवण्याच्या या युक्तींत आम्हांस तरी भाषापंडिताचीच दृष्टि दिसते. मूळ संहिता हातीं नसतांना उपलब्ध पोथ्यांतील पाठ ताडून पाहण्याची ज्याला संवय आहे, त्याला असें सुचणें अगदीं स्वाभाविक होतें.

१९१० नंतरच्या एक-दोन वर्षांत टाहोची पातळी वसंतांत किती चढेल याचे अंदाज या पद्धतीनें बांधले जाऊं लागले व दरवाजे त्या धोरणानें हलूं लागले. भांडण मिटलें असें मात्र नव्हे. कोर्टकचेऱ्या चालूच राहिल्या, आणि पातळीची कमाल मर्यादा ६,२२९.१ फूट ही १९३५ सालच्या करारांत येऊन बसली. फरक पडला तो एवढाच, परंतु तो लहान नव्हे, कीं कांठावरचे व खालचे दोघेहि आतां एकाच आंकड्यावरून भांडूं लागले.

पुढील वीस वर्षांत ही नळी अमेरिकेच्या पश्चिम भागांत सर्वत्र पसरली. कॅलिफोर्नियानें १९२९ मध्यें संस्थानाच्या वतीनें बर्फमोजणी सुरू केली. १९३४ च्या भयंकर अवर्षणांत यूटा संस्थानाला नद्या आटणार हें जॉर्ज क्लाइड यांच्या मोजणीवरून वसंतांतच कळलें, व पाणी आधींच काटकसरीनें वांटतां आलें. दुसऱ्याच वर्षीं मध्यवर्ती सरकारनें हें काम अंगावर घेतलें. डोंगरांतून लांकडी खोपटीं बांधलीं गेलीं, त्यांत उन्हाळ्यांतच शिधा भरून ठेवला जाई, आणि दोघे-दोघे माणसें पायांना लांब फळ्या बांधून बर्फावरून एका खोपटांतून दुसऱ्यांत जात मोजणी करीत.

परंतु आंकडा हातीं आला म्हणजे पूर टळला असें नाहीं. आंकड्याचा उपयोग होण्यास धरणांत मोकळी जागा लागते. हा धडा कोलंबिया नदीनें १९४८ सालीं दिला, आणि त्याची किंमत गरीब लोकांनीं भरली.

कोलंबिया ही कॅनडाच्या डोंगरांत उगम पावून अमेरिकेंत उतरणारी महानदी. तिच्या मुखाकडील भागांत, पोर्टलंड शहराच्या शेजारीं, दुसऱ्या महायुद्धांत जहाजें बांधणाऱ्या कामगारांसाठीं व्हॅनपोर्ट नांवाची वस्ती घाईघाईनें वसविण्यांत आली होती. ती नदीच्या सखल मैदानांत असून तिच्या भोंवतीं मातीचे बांध होते. युद्ध संपल्यावरहि तेथें सुमारें साडेअठरा हजार लोक राहत, व त्यांत निग्रो कुटुंबें पुष्कळ होतीं, कारण पोर्टलंडमध्यें त्यांना घरें मिळणें दुष्कर होतें. त्या वर्षीं वसंत थंड गेला, बर्फ डोंगरावरच अडून राहिला, आणि मे महिन्यांत एकाएकीं उष्मा होऊन वरून पाऊसहि पडला. ३० मे रोजीं, रविवारीं सकाळीं, वस्तीच्या अधिकाऱ्यांनीं घरोघर पत्रकें वांटलीं: बांध तूर्त सुरक्षित आहेत, जरूर पडल्यास सूचना मिळेल, घाबरूं नये. दुपारीं चारच्या सुमारास रेल्वेचा भराव फुटला. पंधरा माणसें दगावलीं. सुट्टीचा दिवस असून बरेच लोक बाहेर गेले होते म्हणूनच आंकडा एवढ्यावर राहिला. संध्याकाळपर्यंत ती वस्ती नाहींशी झाली, व पुन्हा कधीं उभी राहिली नाहीं.

कोलंबियाच्या खोऱ्यांत त्या वेळीं बर्फमोजणी चालू होती. ग्रँड कूलीचें प्रचंड धरणहि उभें होतें. नव्हती ती एवढा पूर पोटांत घेण्याजोगी रिकामी जागा, आणि ती जागा कॅनडाच्या हद्दींतच सांपडण्यासारखी होती. म्हणून दोन राष्ट्रांत बोलणीं सुरू झालीं, १९६१ सालीं तहावर सह्या झाल्या, व १९६४ पासून तो अंमलांत आला. कॅनडानें आपल्या बाजूस तीन धरणें बांधलीं, अमेरिकेनें मोंटानांत चौथें बांधलें. आणि साठ वर्षें पूर अडविण्याच्या मोबदल्यांत अमेरिकेनें कॅनडास ६ कोटी ४४ लाख डॉलर दिले. खालच्यांच्या रक्षणासाठीं वरच्या अॅरो सरोवरांच्या खोऱ्यांतील दोन हजारांवर माणसांना घरेंदारें सोडावीं लागलीं. नकाशावर पूर पुसला जातो तेव्हां तो बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी शेतावर जाऊन बसतो, हें त्या खोऱ्यांतील लोक आजहि विसरलेले नाहींत.

या व्यवस्थेचा गाभा म्हणजे चर्च यांच्याच टक्केवारीचें मोठें रूप. जानेवारीपासून दर महिन्यास बर्फ मोजून एप्रिल ते ऑगस्ट या काळांत नदींतून किती पाणी येईल याचा अंदाज काढतात, आणि त्या प्रमाणांत धरणें उपसून ठेवतात. ग्रँड कूलीच्या मागील जलाशय भरलेला असतो तेव्हां त्याची पातळी १,२९० फूट असते. बर्फ फार असला तर ती वसंतांत १,२०८ फुटांपर्यंत खालीं नेण्याची मुभा आहे. म्हणजे ब्याऐंशी फूट पाणी, जें आज हातांत आहे, तें उद्यां येणाऱ्या पाण्याच्या भरंवशावर सोडून द्यावयाचें! अंदाज चुकून बर्फ कमी निघाला तर जलाशय भरत नाहीं. शेतीचें पाणी गेलें, वीज गेली, आणि समुद्राकडे निघालेल्या सामन माशांच्या पिलांना वाहून नेणारा प्रवाहहि गेला. आपल्या घरांतील धान्य पुढच्या सुगीच्या नुसत्या अंदाजावर वांटून टाकण्यास किती जण तयार होतील? धरणावरील अधिकाऱ्याकडून आपण दरवर्षीं हीच अपेक्षा करतों.

या अपेक्षेंतील धोका १९८३ सालीं कोलोरॅडो नदीवर उघडा पडला. तेथील ग्लेन कॅनियन धरणाचा जलाशय १९८० मध्यें प्रथमच पूर्ण भरला होता आणि त्यानंतर तो जवळजवळ भरलेलाच ठेवला जाई. पाणी हें धन असल्यामुळें तें विनाकारण कोणी सोडीत नाहीं. १९८३ च्या वसंतापर्यंतच्या मोजणींत भय वाटण्यासारखें कांहीं दिसलें नाहीं. मग उशिरा, ऐन मे महिन्यांत, डोंगरावर पुन्हा जोराचा बर्फ पडला आणि पाठोपाठ उष्मा व पाऊस आला. जलाशय चढूं लागला. डोंगर पोखरून केलेल्या सांडव्यांच्या बोगद्यांतून पाणी सोडावें लागलें, तेव्हां त्या वेगानें पाण्यांत पोकळ बुडबुडे उठून फुटूं लागले व त्यांच्या माऱ्यानें कॉंक्रीटचें अस्तर उखडलें. एका बोगद्यांत तीस फुटांहून अधिक खोल खड्डा पडला. बाहेर येणाऱ्या पाण्यांत तांबड्या खडकाचे तुकडे दिसूं लागले. सांडव्याचा वापर कमी करावा तर जलाशय दरवाज्यांवरून वाहणार! अखेरीस दरवाज्यांच्या माथ्यावर लांकडी प्लायवुडच्या चार फूट उंचीच्या फळ्या उभ्या करण्यांत आल्या, व नंतर त्यांच्या जागीं आठ फुटांचे लोखंडी पत्रे आले. सातशें दहा फूट उंचीच्या धरणाची अब्रू सुताराच्या दुकानांतील फळ्यांनीं राखली, असें म्हटलें तर फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. जुलैच्या मध्यास पाणी थांबलें. आमच्या मतें येथें दोष केवळ मोजणीचा नव्हता. आंकडा अंदाजाचा आहे हें विसरून जलाशयांत चुकीला जागाच ठेवली नव्हती, हा दोष मोठा.

साधनें तेव्हांपासून पुष्कळ सुधारलीं. १९७० नंतर डोंगरांत स्वयंचलित ठाणीं बसविण्यांत आलीं. तेथें द्रव भरलेल्या चपट्या उशीवर बर्फ सांचतो आणि उशीवरील दाबावरून त्याचें वजन कळतें. निर्जन दऱ्यांतून ही वार्ता खालीं पाठवावयाची कशी? आकाशांत क्षणोक्षणीं जळून जाणाऱ्या उल्कांच्या मागें विद्युद्भारित हवेची जी रेघ उमटते, तिच्यावर रेडिओच्या लहरी आपटून त्या परत जमिनीवर घेतल्या जात. उल्कापात पाहून अशुभाची शंका घेणाऱ्या आपल्या पूर्वजांस हें ऐकून काय वाटलें असतें कोण जाणे! २०१३ पासून कॅलिफोर्नियांत विमानांतून प्रकाशकिरण सोडून सबंध पाणलोटांतील बर्फाची खोली मोजूं लागले, आणि जो प्रश्न चर्च यांनीं अशक्य म्हणून बाजूस ठेवला होता तो सुटण्याच्या वाटेला लागला. तरी प्रकाश खोली सांगतो, वजन सांगत नाहीं. त्यासाठीं आजहि कोणाला तरी नळी घेऊन बर्फांत उतरावें लागतें.

हिमालयांतील बर्फाचा प्रश्न आपल्या घरचा आहे, म्हणून त्याविषयीं दोन शब्द. १९४० ते १९५० या दशकाच्या उत्तरार्धांत, सत्तरी उलटलेली असतांना, चर्च हे हिंदुस्थान सरकारचे सल्लागार म्हणून हिमालयांत बर्फमोजणी कशी करावी हें पाहण्यास आले होते. परंतु अमेरिकेंतील पद्धति येथें जशीच्या तशी लागूं पडत नाहीं. सतलजवरील भाक्रा धरणांत वर्षाकाठीं येणाऱ्या पाण्यापैकीं निम्म्याहून अधिक बर्फ व हिमनद्या यांचें असतें, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. तें उन्हाळ्यांत उतरूं लागून जलाशय भरीत असतें, तोंच वरून पावसाळा येतो. कोलंबियाच्या अधिकाऱ्यास एकच पाहुणा संभाळावयाचा असतो. भाक्राच्या अधिकाऱ्याकडे एक जेवावयास बसला असतां दुसरा दारांत उभा राहतो. १९८८ सालच्या सप्टेंबरांत जलाशय भरत आलेला असतांना मुसळधार पाऊस झाला, आणि पंजाबांत मोठा अनर्थ घडला. उपग्रहांच्या छायाचित्रांवरून सतलजच्या खोऱ्यांत किती भूमि बर्फाखालीं आहे हें १९८० नंतर मोजतां येऊं लागलें. पण क्षेत्र म्हणजे वजन नव्हे, आणि अठरा-वीस हजार फुटांवर नळी घेऊन जाणें ही मौंट रोझची सहल नव्हे.

खुद्द चर्च यांच्या नदीवरहि त्यांच्या पद्धतीच्या मर्यादा दिसून आल्या आहेत. १९९७ च्या जानेवारीच्या आरंभीं, ऐन हिवाळ्यांत, सिएरा पर्वतावरील बर्फावर उबदार पाऊस कोसळला. ट्रकीला पूर येऊन रीनोचा मध्यभाग बुडाला, आणि टाहो सरोवर कायद्याच्या मर्यादेच्या तीन इंच वर गेलें. वसंताची वाट पाहणाऱ्या हिशेबांत अशा पुराला स्थानच नव्हतें. हवा तापत चालली आहे तसतसा हिवाळ्यांत बर्फाच्या जागीं पाऊस पडण्याचा संभव वाढत आहे. १ एप्रिल २०१५ रोजीं कॅलिफोर्नियाचा बर्फ सरासरीच्या अवघा पांच टक्के भरला, आणि नेहमींच्या मोजणीच्या कुरणांत गव्हर्नर कोरड्या गवतावर उभे राहिले. आठ वर्षांनीं, २०२३ च्या एप्रिलांत, तोच बर्फ सरासरीच्या दुपटीहून अधिक होता. टक्केवारीची सारी पद्धत सरासरीवर उभी आहे, आणि अमेरिकेंत ही सरासरी मागील तीस वर्षांवरून काढून दर दहा वर्षांनीं बदलतात. सध्यांची १९९१ ते २०२० या वर्षांची आहे. पुढील हिशेब २००१ ते २०३० चा होईल, आणि १९९७ सालचा पूर त्यांतून बाहेर पडेल.